टिपूच्या कैदेतून सुटलेल्या समाजी दिवेकरांनी मुंबईत ज्यूंची पहिली ‘मशीद’ बांधली

मुंबईची लोकल सीएसएमटीवरून सुटली की पहिलं स्टेशन लागतं मस्जिद. जुनी माणसं अजूनही मशीद बंदर म्हणतात. नाव ऐकून आपल्याला वाटतं, इथे जवळपास एखादी प्रसिद्ध मशीद असणार आणि तिच्यावरून स्टेशनला नाव पडलं असणार.

पण इथले जुनेजाणते वेगळीच गोष्ट सांगतात. त्यांच्या म्हणण्यानुसार ज्या मशिदीवरून हे नाव आलं ती मुसलमानांची नव्हतीच. ती होती ज्यूंची. आणि ती बांधणाऱ्या माणसाचं आडनाव होतं दिवेकर.

समाजी हसाजी दिवेकर. हिब्रूत शमुएल, इंग्रजीत सॅम्युएल एझिकेल दिवेकर. मांडवीतल्या ज्या भागात ही मशीद आहे तिथल्या रस्त्याचं नावसुद्धा सॅम्युएल स्ट्रीट.

आता कोकणातला दिवेकर ज्यू कसा, त्याने बांधलेल्या प्रार्थनास्थळाला मशीद का म्हणायचं आणि त्याचा म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी काय संबंध, हे सगळं नीट समजून घ्यायचं तर आधी कोकणात जावं लागेल.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली

अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावातच पुरलं. वाचलेल्या सात जोडप्यांपासून पुढे सगळा समाज वाढला. हे कधी घडलं याबद्दल अभ्यासकांमध्ये एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगतं, कुणी बरंच अलीकडचं.

जहाजाबरोबर त्यांचे धर्मग्रंथही बुडाले असं मानतात. सोबत धर्मगुरू नव्हता. हळूहळू हिब्रू भाषाही विसरली गेली. उरलं ते सवयीने टिकलेलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, ठरावीक प्राणी आणि मासे खायचे नाहीत, शनिवारी काम करायचं नाही. आणि ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना, जी सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी म्हटली जायची.

कोकणात त्यांचा मुख्य धंदा होता तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली.

बाकी सगळं मराठी. आडनावं गावावरून, म्हणजे किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर. नावंही कोकणी वळणाची, म्हणजे अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा समाजी, एझिकेलचा हसाजी. सणांची नावं तर ऐकण्यासारखी आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. दिवसभर उपास करून दार बंद करून घरात बसायचं तो दारफाळणीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याच्या दिवसाला काय म्हणायचं? बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी उपास सोडताना वालाचं बिरडं असायचं.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येते. शेकडो वर्षं या समाजाकडे एकही प्रार्थनास्थळ नव्हतं. त्यांचा धर्म घरात होता, स्वयंपाकघरात होता, घाण्यावर होता. नवस फेडायचा तर एलियाहू हानाबीच्या नावाने घरीच मलिदा करायचा. पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून केलेला हा मलिदा आजही केला जातो.

गावात हे चालून जायचं. चार घरं जवळ असायची, आजी सांगायची, सून शिकायची. प्रश्न आला तो गाव सोडल्यावर.

गाव सुटलं, मुंबई लागली

१८ व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई वाढायला लागली आणि कोकणातली माणसं तिकडे जायला लागली. बेने इस्राएलांच्या नोंदींत मुंबईत येऊन राहिलेलं पहिलं कुटुंब दिवेकरांचं सांगतात, सन १७४६.

मुंबईत घाणा चालवायची गरज नव्हती. बंदर होतं, बांधकामं होती आणि सगळ्यात भरवशाची नोकरी म्हणजे कंपनीची फौज. बेने इस्राएल तरुण मोठ्या संख्येने फौजेत गेले आणि त्यांतले बरेच जण नेटिव्ह ऑफिसरच्या हुद्द्यापर्यंत पोचले. समाजी हसाजी दिवेकर त्यांच्यापैकीच एक. त्यांचा भाऊ इसाजीही फौजेत होता असं परंपरा सांगते.

शिपायाची नोकरी म्हणजे आज इथे, उद्या तिथे. छावणीत शनिवार पाळायचा कसा? मुलाची सुंता करायची तर माहितगार माणूस कुठून आणायचा? मेलं कोणी तर दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणायला दहा माणसं जमवायची कुठून? दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय ज्यू धर्मातली सामुदायिक प्रार्थना पूर्ण धरली जात नाही. गावात चुलते-मामे मिळून दहा सहज व्हायचे. शहरात तेच दहा वेगवेगळ्या पेठांत, वेगवेगळ्या पलटणींत विखुरलेले.

मुंबईत आलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला हा प्रश्न पडलेला आहे. पुढच्या काळात चाकरमान्यांनी त्यावर आपापल्या गावांची मंडळं काढून आणि गाववाल्यांसाठी भाड्याच्या खोल्या घेऊन उत्तर शोधलं. ज्या समाजाचा सगळा धर्मच घरात होता, त्याच्यासाठी हा प्रश्न आणखी अवघड होता. घर विखुरलं की धर्म विखुरणार होता.

टिपूची कैद

१७८० साली इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध सुरू झालं. १७८२ च्या डिसेंबरात हैदर अली वारला आणि टिपूने सूत्रं हातात घेतली. मुंबईच्या फौजेने पश्चिम किनाऱ्यावरून चढाई करून १७८३ च्या सुरुवातीला बिदनूर घेतलं खरं, पण काही महिन्यांतच टिपूने ते परत जिंकलं. कंपनीचे शेकडो सैनिक कैद झाले. मोहिमेचा सेनापती जनरल मॅथ्यूजसुद्धा कैदेतच मेला.

या युद्धात टिपूच्या हाती लागलेल्या कैद्यांमध्ये समाजी दिवेकर आणि त्यांचे काही जातभाई होते.

पुढचा प्रसंग बेने इस्राएल घराघरांत पिढ्यानपिढ्या सांगितला गेला. तो दरबारी कागद नाही, समाजाची आठवण आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. कैद्यांना टिपूपुढे उभं केलं गेलं. मृत्युदंड जवळजवळ ठरलेला. प्रत्येकाची जात विचारली जात होती. समाजी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचं सांगितलं. हे टिपूच्या आईच्या कानावर गेलं. कुराणात बनी इस्राईल, म्हणजे इस्राएलची लेकरं, असा उल्लेख वारंवार येतो. तिने तो आयुष्यभर ऐकला होता, पण त्या लोकांपैकी कुणाला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ग्रंथातले लोक आपल्या दारात उभे आहेत म्हटल्यावर तिने मुलाला सांगून त्यांचा जीव वाचवला.

गोष्ट जशीच्या तशी घडली असेल किंवा नसेल. पण समाजाने ती का जपली ते कळतं. कोकणात ज्या माणसाला सगळे शनिवार तेली म्हणायचे, त्याचा जीव वाचला तो त्याच्या जुन्या नावामुळे. गावाने दिलेलं नाव धंद्याचं होतं. घरातल्यांनी जपलेलं नाव मात्र म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बाईलाही ओळखीचं निघालं.

कैदेत असताना समाजींनी नवस बोलला असं सांगतात. जिवंत मुंबईला पोचलो, तर देवासाठी एक घर बांधीन.

कोचीनमध्ये काय दिसलं?

११ मार्च १७८४ ला मंगळूरचा तह झाला. त्यातली एक मुख्य अट होती कैद्यांची सुटका. समाजींची सुटका नेमकी कशी झाली याचे तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण सुटल्यानंतर ते कोचीनच्या ज्यूंकडे पोचले यावर बहुतेकांचं एकमत आहे.

कोचीनमध्ये तेव्हा डचांची सत्ता होती आणि ज्यूंची वस्ती जुनी, सधन आणि मानाची होती. मट्टनचेरीतलं परदेशी सिनेगॉग १५६८ चं. समाजी तिथे गेले तेव्हा त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. त्याशिवाय आसपास इतरही सिनेगॉग होती. त्यांत लाकडी पेटीत ठेवलेल्या तोराच्या गुंडाळ्या होत्या, हिब्रू वाचणारी माणसं होती, मुलांना शिकवण्याची सोय होती.

कोकणातल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल याचा विचार करा. जी प्रार्थना आपण अर्थ न कळता म्हणत आलो, ती इथे लोक पुस्तकातून वाचताहेत. जो सण आपण बिरड्याच्या नावाने ओळखतो, त्याची सगळी कथा इथे लिहिलेली आहे. आपला धर्म चुकीचा नव्हता, पण त्यातली बरीच पानं हरवलेली होती. ती इथे होती.

कोचीनच्या ज्यूंचा बेने इस्राएलांशी संबंध नवा नव्हता. डेव्हिड राहाबी नावाच्या माणसाने कोकणात येऊन शनिवार पाळणाऱ्या या तेल्यांना ओळखलं आणि धर्माचं शिक्षण दिलं, अशी आठवण समाजात आहेच. समाजींनी मात्र उलट दिशेचा प्रवास केला होता. कोकणातला माणूस स्वतः कोचीनला जाऊन सगळं पाहून आला होता.

१७९६ : मशीद उभी राहिली

नवस फेडायला १२ वर्षं लागली. १७९६ मध्ये समाजींच्या पुढाकाराने मांडवीत सिनेगॉग उभं राहिलं. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं सिनेगॉग. पुढे त्याचं नाव रूढ झालं शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. कैदेतून सुटलेल्या माणसाच्या नवसाला याहून योग्य नाव सापडलं नसतं.

पण हे भारदस्त हिब्रू नाव कागदावर राहिलं. लोकांच्या तोंडी शब्द बसला तो मशीद. देऊळ नाही, चर्च नाही, मूर्ती नाही, एकच देव. आजूबाजूच्या मराठीत अशा जागेसाठी तयार असलेला शब्द मशीद हाच होता, तो त्यांनी घेतला. काही दशकांनी त्याच भागात दुसरं सिनेगॉग झालं, तेव्हा पहिली झाली जुनी मशीद आणि दुसरी नवी मशीद. आजूबाजूची वस्ती इस्राएल मोहल्ला म्हणून ओळखली जायला लागली.

आता महत्त्वाचा भाग. या इमारतीत फक्त प्रार्थना होत नव्हती.

मशिदीचा कारभार पाहायला एक मुकादम असायचा. त्याच्याबरोबर चार-पाच चौगुले, म्हणजे समाजातले जाणते. पैशांचा हिशेब गब्बाय ठेवायचा, प्रार्थना हझान म्हणायचा, वास्तूची देखभाल शमाश करायचा. यांतले मुकादम आणि चौगुले हे शब्द आपल्या गावगाड्यातले, बाकीचे हिब्रू. कोकणातली गावकी आणि जेरुसलेमचा धर्म एकाच कमिटीत बसले होते.

लग्न जमवायचं, सुंतेला माणूस बोलवायचा, भावकीतलं भांडण मिटवायचं, विधवेला मदत द्यायची, गावाहून नवा आलेला पोरगा कुणाकडे उतरणार ते ठरवायचं, अशा कामांना आता एक पत्ता मिळाला. पलटणीतून रजेवर आलेल्या शिपायाला आपली माणसं कुठे भेटतील हे माहीत झालं. प्रार्थनेला लागणारे दहा जण शोधत फिरायची गरज उरली नाही. ते एका ठिकाणी येऊ लागले.

आजच्या भाषेत सांगायचं तर समाजींनी बांधलं ते कम्युनिटी सेंटर होतं. गावात जे काम घर करत होतं, ते शहरात या इमारतीने करायला घेतलं.

आणायला गेले ते आलेच नाहीत

इमारत झाली, पण एक मोठी उणीव होती. सेफेर तोरा.

सेफेर तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं लिहिलेली चामड्याची गुंडाळी. ती छापून चालत नाही. शिकलेल्या लेखनिकाने शाईने हाताने लिहावी लागते. त्यात तीन लाखांहून जास्त अक्षरं असतात आणि एक अक्षर चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनासाठी वापरता येत नाही. एक गुंडाळी पूर्ण व्हायला वर्षभराचा काळ सहज जातो. अशी गुंडाळी मिळवणं तेव्हाच्या मुंबईत सोपं नव्हतं. कोचीनमध्ये ती मिळू शकत होती.

म्हणून समाजी पुन्हा कोचीनला निघाले. आधीच्या वेळी गेले ते कैदेतून सुटून. या वेळी समाजासाठी ग्रंथ आणायला. दरम्यान कोचीनमधून डच गेले होते आणि १७९५ पासून इंग्रज आले होते.

या प्रवासातून ते परतले नाहीत. १७९७ मध्ये कोचीनलाच त्यांचं निधन झालं. नवस फेडून जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या मशिदीसाठी त्यांनी एवढं केलं, ती स्वतः त्यांना फारच थोडे दिवस पाहायला मिळाली.

पुढे काय झालं?

एखाद्या संस्थेचा संस्थापक वर्षभरात गेला की ती बहुतेक वेळा बंद पडते. इथे तसं झालं नाही.

१९ व्या शतकात कोचीनहून शिक्षक मुंबईत यायला लागले. त्यांतले श्लोमो सालेम शुराबी हे सगळ्यात लक्षात राहिलेले. ते मुंबईतच राहिले आणि त्यांनी मुंबई-कोकणातल्या बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले. समाजी जे आणायला गेले होते, ते अशा माणसांच्या रूपाने मागाहून आलं. दुसऱ्या बाजूने स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण शिकून घेतलं, पण धर्म सोडणारे फारच थोडे निघाले. त्यांना आता परत यायला स्वतःची जागा होती.

मुंबईतलं हे पाहून कोकणातही सिनेगॉग व्हायला लागली. अलिबागचं १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं. ठाण्याचं १८७९ मध्ये झालं. मांडवीच्या जुन्या मशिदीची आजची वास्तू १८६० ची. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. पुढे याच किहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहून ठेवला.

या समाजातून पुढे मुंबईचे महापौर झाले ते डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीजवळ आहे. हिंदी सिनेमातले सगळ्यांचे लाडके डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजी कवी निस्सीम एझिकेल. कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि त्यानंतरच्या काही दशकांत बहुतेक बेने इस्राएल तिकडे गेले. तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमध्ये चालवलं. भारतात आता काही हजारच उरलेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

जुनी मशीद अजून मांडवीत आहे. आजूबाजूला घाऊक बाजार, हातगाड्या, ट्रक, हमालांची धावपळ. इस्राएल मोहल्ल्यातली माणसं केव्हाच उपनगरांत आणि परदेशात गेली. त्यामुळे समाजींना पडला होता तोच प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा त्याच दाराशी आला आहे. प्रार्थनेला दहा माणसं जमवायची कुठून?

फरक एवढाच की आज जे कोणी येतात, त्यांना कुठे जमायचं हे माहीत आहे. ते समाजी दिवेकरांनी १७९६ मध्येच ठरवून ठेवलं.